मार्वल सुरुवातीपासून बघायचंय, पण सुरुवात कुठली धरायची?

घाटावरची
नमस्कार मंडळी. बाबांचं (वय ६८) गुडघ्याचं ऑपरेशन मिरजेला झालं, परवा घरी आणलं सांगलीत. डॉक्टरांनी अडीच-तीन महिने जपून राहायला सांगितलंय. दिवसभर पेपर वाचून होतो, व्यायाम होतो, मग वेळ खायला उठतो. तर आमच्या चिरंजीवांनी (सहावीत आहे) ठरवलंय की आजोबांना मार्वलचे (अमेरिकन सुपरहिरोंचे) सिनेमे दाखवायचे. एखाददुसरा नाही, आयर्न मॅनपासून एंडगेमपर्यंत सगळे, २२. शनिवारी एक आणि रविवारी एक असे बघितले तर अकरा आठवडे, म्हणजे बाबा काठी सोडेपर्यंत बरोबर होतात.

बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झालेत. त्यांची अट एकच, "मधूनच काही लावू नका, सुरुवातीपासून लावा." आणि इथेच गाडी अडलीये. ॲपवर कथेतल्या काळाप्रमाणे लावलेली एक यादी आहे, त्यात पहिला येतो दुसऱ्या महायुद्धातला कॅप्टन अमेरिका, मग १९९५ सालात घडणारा कॅप्टन मार्वल, मग आयर्न मॅन. लेक म्हणतो हीच सुरुवात. माझा भाऊ म्हणतो थेटरात जसे आले तसे बघा, २००८ पासून. काल रात्री मामा-भाच्यांचं फोनवर पाऊण तास चाललं होतं ह्यावर. मी ह्यातले दोन-तीनच बघितलेत, तेही तुकड्यातुकड्याने, त्यामुळे मला निवाडा देता येईना. तुम्ही सांगा, आणि कृपया शेवट फोडू नका, मीही बघणार आहे सोबत.

रात्रपाळी
जसे आले तसे. २००८ पासून. बाबांना लवकर आराम पडो.

शनिवारपेठी
रात्रपाळीला अनुमोदन, पण कारण सांगतो म्हणजे चिरंजीवांना पटेल.

कॅप्टन मार्वल घडतो १९९५ मध्ये, पण आलाय मार्च २०१९ ला, एंडगेमच्या जेमतेम सात आठवडे आधी. तो एकविसावा सिनेमा आहे. बनवणाऱ्यांनी धरूनच चाललंय की समोर बसलेल्याने आधीचे वीस बघितलेत. त्यात निक फ्युरी, म्हणजे ह्या हिरोंना एकत्र आणणारा साहेब, तरुण दिसतो, कारकुनासारखा शर्ट-टाय लावून हिंडतो, आणि ज्याने त्याला दहा वर्षं सगळ्यांवर हुकूम सोडताना बघितलंय त्याला ते बघून जी मजा येते ती दुसऱ्याच दिवशी तो सिनेमा बघणाऱ्याला कशी येणार? त्याच्यासाठी तो कुठलातरी एक सरकारी माणूस. म्हणजे "अरे, हा तर तो!" म्हणायला आधी 'तो' माहिती पाहिजे ना.

आणि एक हात जोडून विनंती. फ्युरीच्या एका डोळ्यावर पट्टी असते. ती का आहे ह्याबद्दल ह्या धाग्यावर कुणीही एक अक्षर लिहू नका. घाटावरची ताई, तुम्ही गूगलपण करू नका.

बेडेकर_मिसळ
डोळ्याबद्दल +१००. तोंडाला कुलूप.

एडिसनची_आई
मी वेगळं सांगणार आहे, रागावू नका. आम्ही न्यू जर्सीत असतो, माझ्या दोन्ही मुलांना मी काळाच्या क्रमानेच दाखवले आणि त्यांना फार आवडलं. धाकटा तेव्हा नऊ वर्षांचा होता. पहिला कॅप्टन अमेरिका बघितला, शेवटी तो बर्फात गाडला जातो आणि जवळजवळ सत्तर वर्षांनी उठतो, तेव्हा धाकटा रडला. मग पुढचे सिनेमे बघताना तो दरवेळी विचारायचा, "आत्ता स्टीव्ह (म्हणजे कॅप्टन अमेरिका) बर्फातच आहे ना?" टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, पार्टी करतोय आणि हा मुलगा मनात हिशोब करतोय की तिकडे तो माणूस बर्फात एकटा आहे. हे जसे आले तसे बघणाऱ्यांना मिळत नाही. लहान मुलांना आधी काय घडलं नंतर काय घडलं ह्याची ओढ असते. आणि इथे मुलगाच आजोबांना दाखवणारा आहे, तर त्याच्या मताला किंमत द्या की.

शनिवारपेठी
@एडिसनची_आई, बर्फाचं वाचून मला खरंच गलबलून आलं, हे मी कधी ह्या बाजूने बघितलंच नव्हतं. तरी कॅप्टन मार्वलचं काय? तो दुसरा लावलात की टेसरॅक्टचं, त्या निळ्या ठोकळ्याचं, कोडं पहिल्या दोन दिवसांतच उलगडून जातं, मग पुढे ॲव्हेंजर्स सिनेमाला काय उरलं?

पोथीवाचक
आमच्याकडे चातुर्मासात पोथी लागायची त्यामुळे हा प्रश्न मला ओळखीचा वाटला. महाभारत सुरू कुठून होतं? शंतनूपासून नाही, भीष्माच्या जन्मापासूनही नाही. नैमिषारण्यात शौनकांचं सत्र चाललेलं असतं, तिथे सूत येतो, ऋषी विचारतात कुठून आलास, तो म्हणतो जनमेजयाच्या सर्पसत्रातून, तिथे वैशंपायनाने भारत सांगितलं ते ऐकून आलो. जनमेजय म्हणजे अर्जुनाचा पणतू. म्हणजे युद्ध होऊन, राज्य करून, सगळे स्वर्गात गेल्यावर गोष्टीला आरंभ. ज्याने रचलं त्याला काळाचा क्रम लावता येत नव्हता असं थोडंच आहे. गोष्टीची सुरुवात म्हणजे सांगणारा जिथे तोंड उघडतो ती. मार्वलवाल्यांनी तोंड उघडलं २००८ साली आयर्न मॅनने. तिथून बघा.

कोल्हापुरी_ठसका
पोथीवाचक, वाचून अंगावर काटा आला हो.

एडिसनची_आई
@पोथीवाचक, तुमचंच उदाहरण तुमच्या विरुद्ध जातंय. कर्ण कुंतीचा मुलगा आहे हे वाचणाऱ्याला आदिपर्वातच कळतं. कर्णाला कळतं उद्योगपर्वात आणि पांडवांना तर युद्ध संपल्यावर. रहस्य राखायचं असतं तर व्यासांनी ते स्त्रीपर्वापर्यंत झाकून ठेवलं असतं. पण आपल्याला माहिती आहे आणि अर्जुनाला नाही, ह्यातच तर जीव तुटतो. म्हणजे आधी कळलं तर मजा गेली असं काही नाही. माझा धाकटा बर्फाचा हिशोब करत होता तो असाच.

पोथीवाचक
बिनतोड. एवढंच म्हणेन की व्यासांनी ते आधी सांगायचं ठरवून सांगितलं. इथे आधी सांगायचं ठरवलं ते त्या यादीवाल्याने, सिनेमा करणाऱ्याने नाही. पण तुमचा मुद्दा घेऊन आज झोपायला जातोय, उद्या परत आदिपर्व काढणार.

टर्नर_फिटर
अहो ताई तुमचे वडील फिटर आहेत ना, मग प्रश्नच मिटला! आयर्न मॅनच पहिला! मी स्वतः २६ वर्षं लेथवर काढली आहेत. त्या गुहेतला प्रसंग बघा, हाताशी काय तर मोडलेली क्षेपणास्त्रं आणि थोडी हत्यारं, त्यातून पॅलेडियम काढायचं, वितळवायचं आणि साच्यात ओतायचं, गुहेतला सोबती यिन्सेन ओततो आणि त्याचा हात जरासुद्धा हलत नाही. आणि मग मुखवटा लालभडक तापवून ठोकतात. सुपरहिरो कसा असतो तर कुणाला कोळी चावतो, कुणी देवच असतो, हा एक गडी असा की ज्याने स्वतःच्या हाताने जॉब केला. पुढेही घरच्या वर्कशॉपमध्ये तो सूट करून बघतो, चुकतो, भिंतीवर आपटतो, परत करतो. तुमच्या वडिलांना महायुद्धापेक्षा हे आधी दाखवा, एकदा जीव जडला की पुढचे २१ ते स्वतः मागतील.

घाटावरची
@टर्नर_फिटर काका, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. ते म्हणाले, "हा माणूस लाव." :) तर आयर्न मॅनपासून सुरुवात नक्की. लेक थोडा हिरमुसलाय पण आजोबांची पसंती म्हटल्यावर बोलला नाही. आता पुढचे प्रश्न. हिंदी का इंग्रजी? आणि हल्क बघायचा का सोडायचा? मामा म्हणतो सोडा.

दुधीभोपळा
हल्क सोडा. त्यातला नट पुढे बदललाच आहे, २००८ ला एडवर्ड नॉर्टन आणि ॲव्हेंजर्सपासून मार्क रफालो. बाबा विचारत बसतील हा कोण नवा.

शनिवारपेठी
नका सोडू. जनरल रॉस त्यातलाच आहे, तो कॅप्टन अमेरिकाच्या तिसऱ्या सिनेमात, सिव्हिल वॉरमध्ये, परत येतो. शेवटी टोनी स्टार्कही येऊन जातो. आणि नट बदलायचं म्हणाल तर आपल्या मालिका बघणाऱ्या माणसाला त्याचं काय? आज एक सून, उद्या दुसरी, गोष्ट चालू. टोनीचा दोस्त रोडीपण बदलतो आयर्न मॅन २ पासून.

तिसरी_मुंबई
भाषा: आजोबांना ज्यात हसू येईल ती. माझ्या सासूबाईंना हिंदीत लावून दिले, त्या एकदम रमल्या. इंग्रजी आणि खाली अक्षरं असली की म्हातारी माणसं वाचण्यातच दमतात आणि पडद्यावरचं निसटतं. फक्त गार्डियन्स ऑफ द गॅलॅक्सीमध्ये मुलाला गाणी ऐकू द्या, आवाज कमी करू नका.

वरणफळ
ॲव्हेंजर्समध्ये बॅनर (म्हणजे हल्कच) कलकत्त्यात रोग्यांवर उपचार करत असतो तो भाग आला की आजोबांना आठवणीने दाखवा, आमच्या घरी तेवढ्यावर सगळे ताठ बसले होते.

गणितज्ञ_नाही
काळाच्या क्रमाबद्दल एक तांत्रिक भर. हा क्रम नीट लागतच नाही. स्पायडरमॅन होमकमिंगच्या सुरुवातीला ॲव्हेंजर्समधल्या न्यूयॉर्कच्या लढाईनंतरची साफसफाई दाखवलीये, म्हणजे २०१२, मग पाटी येते "८ वर्षांनंतर", म्हणजे २०२० व्हायला हवं. पण तो तर सिव्हिल वॉरनंतर लगेच घडतो, म्हणजे २०१६. चार वर्षं हवेत गेली.

दुसरं, स्टॅन ली, मार्वलची बरीच पात्रं रचणारे लेखक. सिव्हिल वॉरमध्ये ते कुरियरवाले म्हणून येतात. गार्डियन्स २ मध्ये ते अवकाशात बसून "मी कुरियरवाला होतो तेव्हा..." अशी गोष्ट सांगत असतात. पण गार्डियन्स २ घडतो २०१४ मध्ये! सिव्हिल वॉरच्या आधी! ज्यांनी सिनेमे केले त्यांच्या डोक्यात आधीचा सिनेमा म्हणजे आधी आलेला सिनेमा होता, हे ह्याच्यावरून कळतंच.

बेडेकर_मिसळ
ह्यावरून आठवलं. मुलाला आणि आजोबांना स्टॅन ली शोधायचा खेळ लावून द्या. जवळजवळ प्रत्येक सिनेमात ते म्हातारबाबा काही सेकंद दिसतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये ते गेले, कॅप्टन मार्वलच्या सुरुवातीला मार्वलच्या नावाच्या जागी सगळी त्यांचीच दृश्यं दाखवली आहेत. वीस सिनेमे त्यांना शोधत आलेल्या माणसाला ते बघताना काय होतं हे लिहिता येत नाही. हेही दुसऱ्या दिवशी बघून कळणार नाही.

दुधीभोपळा
२२ बघायलाच हवेत का पण? बेरीज केली, जवळपास ४८ तास होतात. थॉर डार्क वर्ल्ड, आयर्न मॅन ३, अँटमॅनचे दोन्ही वगळले तर काही बिघडत नाही. मी दहात उरकून देतो.

कोकणकन्या_लेट
दहात उरकायला ही काय वार्षिक परीक्षा आहे का! माणूस तीन महिने घरात बसणार आहे, त्याला वेळ कमी करायचा नाहीये, भरायचाय.

टर्नर_फिटर
आयर्न मॅन ३ वगळायचा म्हणताय? त्यात तो एका पोराच्या शेडमध्ये बसून दुकानातून आणलेल्या सामानातून हत्यारं करतो! मी तुमच्याशी ह्या विषयावर बोलणार नाही.

दुधीभोपळा
बरं बरं, आयर्न मॅन ३ ठेवा काका.

नाशिक_रोड
धाग्यावर कुणी डीसीचं (मार्वलच्या प्रतिस्पर्ध्याचं) नाव काढलं नाही म्हणून फक्त हजेरी लावतोय.

घाटावरची
पहिला आठवडा. काल आयर्न मॅन झाला, हिंदीत. बाबांनी गुहेतला भाग तीनदा मागे घ्यायला लावला. मुखवटा ठोकायच्या जागी तर थांबवून ठेवला आणि नातवाला समजावलं, "हे बघ, तापवून ठोकतोय, गार झालं की परत भट्टीत घालेल. गार पत्र्यावर असे घाव घातले तर चीर जाईल." मग त्यांच्या वर्कशॉपमधल्या गोष्टी निघाल्या, स्प्रिंगपाटे कसे तापवायचे, उन्हाळ्यात भट्टीजवळ उभं राहिलं की बुटाचा तळ कसा मऊ पडायचा. मला ह्यातलं अर्धं माहिती नव्हतं. दोन तासांचा सिनेमा साडेतीन तास चालला, भडंगाचा डबा संपला.

शेवटची नावं सुरू झाल्यावर मी उठायला लागले तर लेकाने हाताला धरून बसवलं. आणि मग तो पट्टीवाला आला. बाबांचा पहिला प्रश्न, "ह्याचा डोळा कशानं गेला?" लेकाने तोंडावर हात ठेवला. म्हणजे त्याला माहितीये!

शनिवारपेठी
गुणी पोरगं आहे. ह्यापुढे त्याचा शब्द प्रमाण.

रात्रपाळी
आता ह्या क्रमाचं खरं कारण सांगतो. मी २०१८ च्या एप्रिलमध्ये इन्फिनिटी वॉर बघितला, ठाण्यात, रात्रीचा शो, मित्रांबरोबर. संपल्यावर बाहेर आलो तर कुणीच बोलेना. एरवी पार्किंगमध्ये गोंधळ असतो, त्या रात्री लोक गप्प गाड्या काढत होते. मग २६ एप्रिल २०१९ ला एंडगेम आला, बरोबर एक वर्षाने. त्या वर्षात माझी नोकरी बदलली, एक मित्र परदेशी गेला, तरी आम्ही चौघं फोनवर तेच बोलायचो, हे कसं निस्तरणार. एंडगेमला तो परत आला फक्त आमच्याबरोबर बघायला, सकाळी ६ चा शो. तीन तासांचा सिनेमा, एकजण मध्ये उठला नाही.

म्हणून ताई एक सांगतो, इन्फिनिटी वॉरनंतर लगेच दुसऱ्या दिवशी एंडगेम लावू नका. जसे आले तसे बघितलेत तर मध्ये अँटमॅन अँड द वास्प आणि कॅप्टन मार्वल येतात, तेवढं तरी थांबणं होतं. बाबांना थोडे दिवस त्या गप्पपणात राहू द्या. ते थांबणंही त्या गोष्टीचाच भाग आहे.

एडिसनची_आई
@रात्रपाळी, हे मात्र पटलं. मी मुलांना दोन्ही एकाच वीकेंडला दाखवले होते. थोरला म्हणाला होता, "इतक्यात नीट पण झालं?" आज कळलं तो असं का म्हणाला.

तिसरी_मुंबई
गार्डियन्सचे दोन्ही लागोपाठ बघावेत का? काळाने तर दोन्ही २०१४ मध्येच घडतात.

गणितज्ञ_नाही
बघितले तरी चालेल, एवढी एक सूट घ्यायला हरकत नाही. त्यांची गोष्ट पृथ्वीवरच्या भानगडीपासून लांब आहे. फक्त थॉर रॅग्नारॉक इन्फिनिटी वॉरच्या आधीच हवा, एकाचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीला जोडलेला आहे. आणि ब्लॅक पँथर सिव्हिल वॉरनंतरच, नाहीतर त्याच्या वडिलांचं कळत नाही.

वरणफळ
आणि ब्लॅक विडो? ती तर सिव्हिल वॉरनंतर घडते.

शनिवारपेठी
२०२१ ला आलाय, एंडगेमनंतरच बघायचा. का ते विचारू नका. २२ झाले की मग.

घाटावरची
सातवा आठवडा. बाबा आता काठी घेऊन अंगणापर्यंत जातात. विंटर सोल्जर (कॅप्टन अमेरिकाचा दुसरा) होऊन बरेच दिवस झाले पण त्यातलं फ्युरीचं वाक्य, की मागे एकदा विश्वास टाकला आणि डोळा गमावला, ते बाबांच्या डोक्यातून जात नाहीये. त्यांचं पक्कं मत झालंय की जवळच्या दोस्ताने घात केला. शेजारच्या काकांनाही सांगून झालंय. वर्कशॉपमध्ये त्यांच्या बरोबरच्या एकाने असंच केलं होतं म्हणे, ते सगळं पहिल्यांदाच बोलले, बराच वेळ बोलले. लेक नुसता ऐकत बसतो, ओठ दाबून. परवा मला हळूच म्हणाला, "आई, बरं झालं आपण कॅप्टन मार्वल दुसरा नाही लावला."

कोल्हापुरी_ठसका
जिंकलं पोराने!!

पोथीवाचक
त्याला माहिती आहे आणि आजोबांना नाही. एडिसनच्या आई, दोघांचंही बरोबर निघालं बघा.

एडिसनची_आई
:) :) धाकट्याला वाचून दाखवते.

घाटावरची
इन्फिनिटी वॉर मागच्या रविवारी झाला. काय लिहू. टीव्ही बंद केल्यावर बाबा बराच वेळ तसेच बसले होते, मग नातवाला म्हणाले, "चल, बाहेर दोन फेऱ्या मारू," आणि दोघं अंगणात गेले, काठी न घेता. रात्रपाळी, तुमचं ऐकलं, एंडगेम लगेच लावला नाही. काल शनिवारी अँटमॅन झाला.

आणि आज कॅप्टन मार्वल. सुरुवातीला स्टॅन ली आले तेव्हा दोघांनी एकदमच बोट दाखवलं, मग लेकाने त्यांच्या जाण्याचं सांगितलं, बाबांनी नुसती मान हलवली. डोळ्याचा प्रसंग आला तेव्हा लेक टीव्हीकडे बघतच नव्हता, आजोबांच्या तोंडाकडे बघत होता. बाबा आधी पुढे वाकले, मग माझ्याकडे बघितलं, मग असे हसायला लागले की गुडघा धरून ठेवावा लागला. "अरे मी उगाच त्याच्या दोस्तावर आळ घेतला!" तीनदा म्हणाले. मग शेजारच्या काकांना हाक मारून तेही सांगितलं, काय झालं ते न सांगता, "तुम्ही स्वतः बघा" म्हणून.

काय झालं ते इथेही लिहीत नाही, ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी. एंडगेम पुढच्या शनिवारी, काका-काकूही येणार आहेत, भडंग दोन किलो सांगितलंय. शेजारची माऊ संध्याकाळी नेहमीसारखी ओट्यावर दूध प्यायला आली, बाबांनी वाटी ठेवली, पण आधी आत जाऊन चष्मा घालून आले.